सहाव्या वर्षीची दाढ

मराठीत अक्कलदाढेला मोठा मान आहे. ती येताना चार दिवस गाल सुजवते आणि वर "चला, आता तरी अक्कल येईल" असा टोमणाही ऐकवते. पहिल्या दाताचंही तसंच. वरचा दात आधी आला तर तो मामाला जड, म्हणून आजही काही घरांतून मामाला निरोप जातो. दुधाचा दात पडला की कुणी तो कौलावर फेकतं, कुणी तुळशीत पुरतं, कुणी उंदराच्या बिळात टाकून उंदरासारखे बारीक दात मागून घेतं. म्हणजे दातांचं कौतुक आपल्याकडे कमी नाही. पण एक दाढ अशी आहे की तिला नाव नाही, कौतुक नाही आणि टोमणाही नाही. ती सहाव्या वर्षी गुपचूप येते. बऱ्याच घरांत ती आली हे ती किडल्यावरच कळतं.

आज तिच्याविषयी लिहायचं आहे. निवृत्त बाई दातांवर लिहायला लागल्या म्हणजे कवळी बसली असणार, असं भाचेमंडळी म्हणतील. म्हणू देत. कवळी आहेच, खालची. लपवायचं काय त्यात!

पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली निम्म्याहून अधिक पहिली-दुसरीच्या वर्गांवर. पहिलीचा वर्ग म्हणजे सगळा बोळक्यांचा बाजार. 'सशाने ससा पाहिला' असं वाक्य वाचायला दिलं की अर्ध्या वर्गाच्या तोंडून नुसती हवा यायची! समोरचे दात पडतात ते सगळ्यांना दिसतं, त्यावर हसायला मिळतं. त्याच सुमाराला, अगदी मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, हिरडी फोडून चार नव्या दाढा वर येत असतात. दोन वर, दोन खाली. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. गोंधळ होतो तो इथेच. पडलाच नाही काही, मग नवीन कुठलं येणार? म्हणून आईवडील समजतात की ही दुधाचीच दाढ. किडली तरी काय, पडेल आणि दुसरी येईल.

बाईंच्या सवयीनं थोडा हिशेब मांडते. दुधाचे दात २०. मोठ्या माणसाचे ३२. वीस पडतात, त्यांच्या जागी वीस येतात. मग वरचे बारा कुठून आले? ते जबड्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, कुणाच्याही जागेवर न बसता आलेले असतात. एकेका बाजूला तीन-तीन, चार बाजूंना मिळून बारा. पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, दुसरी बाराव्याच्या आसपास आणि तिसरी ती आपली मानकरी अक्कलदाढ. सहाव्या वर्षी आलेली ही दाढ शेवटपर्यंतची आहे. ती गेली की मागून दुसरी येत नाही. वजाबाकीचं एवढं सोपं उदाहरण, पण किती पालकांना ते सांगावं लागलं आहे!

आता त्या दाढेच्या पाठीकडे या. आमच्या लहानपणी गल्लीतून टाकीवाल्या बाया "टाकीय्ये टाकीऽऽ" अशी हाळी देत जायच्या. पाटा-वरवंटा किंवा जातं वापरून गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीनं बारीक खड्डे पाडून घ्यायचे, तेव्हा कुठे वाटण नीट वाटलं जाई. देवानं दाढेला जन्मतःच टाकी लावून पाठवलं आहे. तिच्या पाठीवर खाचा आहेत, घळी आहेत, म्हणून तर घास बारीक होतो. पण टाकी लावलेल्या पाट्याची एक अडचण घरातल्या बायकांना ठाऊक असते. कितीही धुवा, त्या खड्ड्यांत मिरचीचा अंश राहतोच. दाढेचं तेच. काही खाचा इतक्या अरुंद आणि खोल असतात की ब्रशचा एक केससुद्धा तळापर्यंत पोहोचत नाही. मूल इमानदारीनं दात घासत असलं तरी ती जागा घासली जात नाही. त्यात ही नवी दाढ वर येताना बाकीच्या दातांपेक्षा बुटकी असते, तिच्यावर हिरडीचा पदर असतो, ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय नव्यानं आलेल्या दाताचं वरचं कवच पुरतं पक्कं झालेलं नसतं. ते पक्कं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणजे सगळ्यात नाजूक काळात सगळ्यात कमी निगा.

दाताला 'कीड' लागते असं आपण म्हणतो. या शब्दानं फार घोटाळा केला आहे. पूर्वी आठवड्याच्या बाजारात दातातला किडा काढून देणारे बसत. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी नळीनं तोंडात घ्यायची, आणि मग थाळीत पांढरे बारीक 'किडे' पडलेले दाखवायचे. ते किडे म्हणजे त्या बियांच्याच पोटातले अंकुर. दुखणं तात्पुरतं बधिर होत असेल, पण किडा बिडा काही नसतो. असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तेही जेवतात, आणि जेवून आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताच्या कवचातलं चुन्यासारखं खनिज विरघळतं. थोड्या वेळानं लाळ ते आम्ल धुऊन टाकते आणि गेलेलं खनिज थोडं थोडं परत बसवते. दिवसभर ही अशी ओढाताण चालू असते. मूल दर अर्ध्या तासानं बिस्किट, चॉकलेट, गोळी तोंडात टाकत राहिलं तर लाळेला आपलं काम करायला फुरसतच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर चालतो. तोच लाडू दुपारभर पुरवून पुरवून खाल्ला तर दाताची धडगत नाही.

आणि गोडाविषयी आम्ही नगरकरांनी काय बोलावं! (सरकारी दप्तरी जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण पंचाहत्तरीला आलेली जीभ अजून नगर म्हणते, सांभाळून घ्या.) सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्या जिल्ह्यातली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला. आणि गंमत पाहा, दातांचे डॉक्टर घडवणारं रुरल डेंटल कॉलेजही तिथेच, शेजारच्या लोणीला, त्याच प्रवरा परिवाराचं. रोग आणि इलाज एकाच एसटीच्या थांब्यावर! हे मी थट्टेनं म्हणते, कारखान्यानं माणसांच्या चुली पेटवल्या हे मी विसरलेले नाही. पण मी लहान होते तेव्हा साखर रेशनवर मोजून मिळायची, चहात गूळ असायचा, आणि दोन जेवणांच्या मध्ये मुलांना मिळायचं ते फार तर शेंगदाणे नाहीतर बोरं. आता आमच्या नागापुरात एमआयडीसीच्या रस्त्याला सकाळी पाहावं. पहिल्या पाळीला निघालेले आईबाप टपरीवर पाच-दहा रुपयांचा पुडा घेतात आणि दप्तरात कोंबतात. त्यांना दोष कसा द्यायचा? सातची पाळी गाठायची आहे. पुडा हाच डबा.

ऊस म्हटलं की मला एक मुलगा आठवतो. १९८७-८८ च्या सुमाराला मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात चौथीच्या वर्गावर होते. दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, मुलं बैलगाडीत बसून त्यांच्याबरोबर. हा मुलगा गणितात असा की फळ्यावर मी उदाहरण लिहून वळेपर्यंत त्याचं उत्तर तयार. त्याच्या वडिलांच्या हातापाया पडून त्या वर्षी त्याला आजीपाशी ठेवून घेतलं, चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेसाठी. संध्याकाळी तो माझ्या घरी ओसरीवर कंदील घेऊन बसायचा. जानेवारीपासून त्याची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. आजीनं लवंग ठेवली, तंबाखूची मिसरी लावून पाहिली, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. चार दिवस बरं, पुन्हा ठणका. गावात डॉक्टर नाही, दातांचा तर तालुक्यालाही कुठे शोधायचा! परीक्षेच्या आदल्या रात्री गाल असा सुजला की उजवा डोळा अर्धा मिटला. तरी तो गेला. रुमाल गालाला बांधून दोन पेपर लिहिले. गणिताच्या शेवटच्या पानाला हातच लागला नाही, असं त्यानंच येऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात नगरला नेऊन ती दाढ काढली. दहा वर्षांचं पोर, आणि त्याच्या तोंडातून जन्माची एक दाढ कायमची गेली.

स्कॉलरशिप मिळाली नाही. ती मिळाली असती तर त्याचं आयुष्य वेगळं झालं असतं, असलं काही मी म्हणणार नाही. इतकं सरळ नसतं काही. आज तो पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, ट्रक चालवतो, दोन मुली शिकवल्या आहेत. मध्ये एका लग्नात पंगतीला शेजारी बसला होता. "बाई, अजून डावीकडूनच चावतो," म्हणाला, हसत हसत. पण दुखऱ्या दातानं मूल वर्गात असून नसल्यासारखं होतं, हे मी त्याच्यात आणि त्याच्यानंतर कितीतरी मुलांत पाहिलं. ते खात नाही, झोपत नाही, चिडचिडं होतं, आणि आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्ष नाही.

आता या दाढेचा बचाव करण्याचा एक उपाय आहे आणि तो नवाही नाही. खाचा किडायच्या आधीच बुजवून टाकायच्या. दातांचे डॉक्टर याला सीलंट म्हणतात. मला तो नीट कळला तो मागच्या वर्षी, आमच्या नातीच्या निमित्तानं. पण आधी त्याची कुळकथा सांगते, कारण ती आमच्या एमआयडीसीला शोभणारी आहे.

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात, मायकेल बुओनोकोर नावाचे एक दंतसंशोधक होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा, की दात पडला गुळगुळीत आणि ओला, त्यावर काही चिकटवायचं कसं? त्यांना कारखान्यातली एक रीत ठाऊक होती. धातूला रंग द्यायच्या आधी त्यावर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, म्हणजे रंग घट्ट धरतो. त्यांनी तेच दातावर करून पाहिलं आणि १९५५ साली प्रसिद्ध केलं. आम्लानं दाताच्या कवचावर सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि त्यात राळेसारखा पदार्थ शिरून घट्ट बसतो. पुढे राफेल बोवेन यांनी दातांसाठी टिकाऊ राळ तयार केली, बुओनोकोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांच्या दाढांच्या खाचा बुजवण्याचे निष्कर्ष मांडले, आणि सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला सीलंट बाजारात आलं. माझा मुलगा इथल्याच एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात आहे. त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "आई, हे तर आमचंच काम झालं. आधी धू, मग आम्ल, मग धू, मग वाळव, मग रंग. एक पायरी चुकली की रंगाची पापडी निघते." अगदी बरोबर. सीलंट निघून येतं तेही बहुतेक वेळा याच कारणानं, वाळवण्याच्या पायरीला लाळ लागली म्हणून.

तर नात. पहिलीत आहे. शाळेत झालेल्या तपासणीत चिठ्ठी आली, मागच्या चार दाढा आल्या आहेत, खाचा खोल आहेत, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सूनबाईंनी लगेच सावेडीतल्या डॉक्टरांची वेळ घेतली. घरात सभा बसली. आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, ऐंशीच्या पुढचे. ते म्हणाले, "वहिनी, पोरीला काही दुखत नाही, खुपत नाही, मग पैसे कशाला घालायचे? आम्ही राखुंडीनं दात घासले, अजून ऊस सोलून खातो."

हे बाकी खरं आहे, ते ऊस सोलून खातात. पण मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही भावंडं पाच. ऊस खाणारे तुम्ही एकटे. बाकीच्या चौघांना शेवटी भात मऊ करून लागायचा, तो मीच वाढला आहे." ज्यांचे दात टिकले ते अभिमानानं दाखवत फिरतात, ज्यांचे गेले ते तोंड मिटून असतात. म्हणून आपल्याला वाटतं, पूर्वी सगळ्यांचे दात मजबूत होते. भाऊजी हसले. पण त्यांचा दुसरा प्रश्न खरा होता. "हा डॉक्टरांचा धंदा नाही कशावरून?"

या प्रश्नाला आकडे पाहिजेत. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच न लावलेल्या दाढांच्या तुलनेत सीलंट लावलेल्या दाढांमधली कीड दोन वर्षांत ११ ते ५१ टक्क्यांनी कमी आढळली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१६ साली सांगितलं की मोठ्या दातांतल्या दहापैकी नऊ किडी मागच्या दाढांमध्येच होतात, आणि सीलंट पहिली दोन वर्षं त्यातल्या ८० टक्के रोखतं, चार वर्षांपर्यंत ५० टक्के. आकडे वेगवेगळे दिसतात, कारण मुलं वेगळी, खाणं वेगळं, मोजायची पद्धत वेगळी. पण सगळे एकाच बाजूला झुकतात. आणि धंद्याचंच म्हणाल तर रूट कॅनाल आणि त्यावरची टोपी यांचा खर्च विचारून पाहा. खाचा बुजवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. डॉक्टरला कमाई किडलेल्या दाढेत जास्त!

मी बरोबर गेले होते. नातीला मांडीशी धरून बसावं लागेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. सुई नाही, ते घरघरणारं यंत्र नाही. डॉक्टर मॅडमनी आधी दाढ घासून स्वच्छ केली. गालाशी आणि जिभेशी कापसाचे बोळे ठेवले. मग खाचेवर रंगीत जेलीसारखं आम्ल लावलं, मोजून पंधरा-वीस सेकंद. धुतलं, वाळवलं. मला आरशात दाखवलं, दाढेची पाठ खडूसारखी पांढरट झाली होती. त्यावर एक पातळ थेंब सोडला, तो आपणहून खाचांत पसरला. मग निळ्या उजेडाची कांडी वीसेक सेकंद धरली आणि थेंब कडक झाला. चावून बघ म्हणाल्या. एका दाढेला काही मिनिटं. नातीची तक्रार एकच, "आजी, कापसाची चव घाण होती."

खालच्या डाव्या दाढेवर मात्र अजून हिरडीचा पदर होता, तिथे कोरडं राहीना. मॅडमनी तिथे तात्पुरता दुसरा पदार्थ भरला, ग्लास आयोनोमर म्हणून. तो ओलाव्याला तेवढा बिचकत नाही आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतो. तितका टिकत नाही, पण दाढ पुरती वर येईपर्यंत सांभाळतो. आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. एक, आत जंतू राहिले असतील तर? त्या म्हणाल्या, वर झाकण घट्ट बसलं की त्यांची रसद तुटते. खड्डा पडलेला नसेल, नुसती सुरुवात असेल, तर तीही सीलंटखाली थांबते. खड्डा पडला असेल तर मात्र आधी तो भरावा लागतो. दुसरं, त्या पदार्थातून काही पोटात जातं का? काही सीलंटमधून बिसफेनॉल नावाचं रसायन अगदी अत्यल्प, तेही लावल्यानंतरच्या थोड्या वेळात उतरतं. रोजच्या खाण्यापिण्यातून आणि हवेतून त्याहून अधिक येतं. लावून झाल्यावर पुसून घेतात आणि चूळ भरायला लावतात ते त्यासाठीच.

सीलंटची मर्यादाही सांगते, नाहीतर कुणी म्हणेल बाईंनी जाहिरात चालवली. ते फक्त दाढेच्या पाठीचं रक्षण करतं. दोन दातांच्या फटीत लागणारी कीड त्याच्या आवाक्यात नाही. ते झिजतं, कधी त्याचा तुकडा निघतो, म्हणून सहा महिन्यांनी-वर्षानं दाखवावं लागतं, लागलं तर पुन्हा लावावं लागतं. आणि ते लावलं म्हणून दात घासायला सुट्टी नाही. पेस्ट फ्लोराइडची हवी. मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या काही गोडमिट्ट पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, तेव्हा खोका वाचून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला भाताच्या शिताएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली असते तेवढी कुणालाच लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात वळत नाही, तोवर मोठ्यांनी घासून द्यावं, निदान रात्रीचं. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं सकाळच्या घासण्यापेक्षा मोलाचं.

आमच्या नातीचं झालं. पण माझ्या डोळ्यांपुढे नात कमी आणि तो रुमाल बांधलेला मुलगा जास्त येतो. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती. बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले, पंधराव्या वर्षी ६३.१ टक्के. म्हणजे वर्गात चाळीस मुलं असतील तर वीस-पंचवीस. आणि अमेरिकेसारख्या देशातही २०११ ते २०१४ च्या आकड्यांत सहा ते अकरा वर्षांच्या जवळजवळ ६० टक्के मुलांना सीलंट मिळालेलं नव्हतं, त्यातही गरीब घरच्यांना कमी. ज्यांना गरज जास्त त्यांनाच कमी पोहोचतं, हा नियम सगळीकडे सारखाच दिसतो. तिथे त्यावर तोड म्हणून काही ठिकाणी दवाखानाच शाळेत नेतात. खुर्ची, दिवा, निळी कांडी सगळं सामान शाळेत मांडायचं आणि दुसरी-तिसरीची मुलं रांगेनं बसवायची.

आपल्याकडे पाया आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्यात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलांची दोनदा तपासणी होते, आणि दातांचे रोग त्या यादीत आहेत. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आहे. म्हणजे मुलाचं तोंड बघणारं कुणीतरी शाळेपर्यंत येतं. पण तपासणी होते, चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते. सुट्टी टाकली तर रोजंदारी बुडते, हे चिठ्ठी देणाऱ्याला दिसत नाही. दंत महाविद्यालयांना शिकाऊ डॉक्टरांसाठी रुग्ण हवेत आणि शाळांना डॉक्टर हवेत. वर्षातून एक दिवस ही दोन्ही टोकं शाळेच्या ओसरीवर एकत्र आली, आणि तेही दिवाळीच्या आधी, ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी, तर किती दाढा वाचतील! शिक्षकांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत, ते मी भोगलं आहे. तरी पहिलीच्या बाईंना माझी एक विनंती. पहिल्या पालकसभेत तो वीस आणि बत्तीसचा हिशेब फळ्यावर मांडा. पाच मिनिटं लागतात आणि त्याला कुठलाही निधी मंजूर करून घ्यावा लागत नाही.

आणि या दाढेला एखादं नाव द्या हो. इंग्रजीत तिला सहा वर्षांची दाढ म्हणतात. मी आमच्या घरात 'शाळादाढ' म्हणायला लागले आहे. मूल शाळेत जायला लागलं की येते म्हणून. नाव असलं की माणूस चौकशी करतो. "शाळादाढ आली का गं?" असं आज्या विचारू लागल्या की निम्मं काम होईल.

आमच्या नात्यात सध्या सहा ते आठ वर्षांची सात मुलं आहेत, काल वहीत मांडून पाहिलं. दोन पुण्यात, एक सुरतेला, एक न्यू जर्सीत, बाकी इथेच. त्यांच्या आईबापांना सांगणं एवढंच. रविवारी सकाळी मुलाला खिडकीपाशी उभं करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि शेवटची दाढ बघा. पाठीवर काळी रेघ, पांढरा डाग किंवा खड्डा दिसतो का ते बघा. दिसलं तरी आणि नाही दिसलं तरी डॉक्टरांना दाखवून विचारा, खाचा बुजवायला हव्यात का म्हणून. सगळ्याच मुलांना लागतं असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. मूल बारा वर्षांचं झालं की मागच्या नव्या दाढांसाठी पुन्हा एकदा हेच.

सुरतेच्या भाचीला फोन करून झाला. "मावशी, तो तोंडच उघडत नाही," म्हणाली. मी म्हटलं, जांभई देईल तेव्हा बघ.